हैबतबाबा आरफळकर : शिंद्यांच्या फौजेतला सरदार, ज्याची शिस्त वारीत आजही चालते

ज्येष्ठ संपत आला की लोणंदमध्ये कांद्याच्या भावापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची असते. माउली कधी येणार?

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. एरवी त्याची ओळख कांद्याची बाजारपेठ आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं स्टेशन एवढीच. पण आषाढी वारीच्या दिवसांत गावाचं रूपच बदलतं. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वाल्ह्याहून निघते, नीरा नदीवर दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं जातं, पाडेगावला सातारा जिल्ह्यात स्वागत होतं आणि मग पालखी लोणंदच्या तळावर येते. जिल्ह्यातला हा पहिला मुक्काम.

तळावर संध्याकाळी जे घडतं ते मुद्दाम बघण्यासारखं असतं.

पालखी मध्यभागी येते. दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग एकाच वेळी वाजत असतात. शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. तेवढ्यात चोपदार आपला दंड वर करतात आणि काही क्षणांत सगळं शांत होतं. पोलिसांची शिट्टी लागत नाही, लाउडस्पीकरवरून विनवण्या कराव्या लागत नाहीत. एक काठी वर जाते आणि लाखभर लोक गप्प होतात.

पण कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना दंड दिसला नसावा. तसं नसतं. त्या दिंडीची काहीतरी तक्रार असते. रांगेत कोणी घुसलं असेल, पाण्याचा टँकर आला नसेल, उतरायची जागा नीट मिळाली नसेल. टाळ वाजवत राहणं हीच तक्रार मांडायची रीत. मग चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मार्ग काढतात. टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची आणि माणसांची माहिती सांगितली जाते, उद्या पालखी किती वाजता निघणार ते जाहीर होतं आणि मग आरती होते. याला म्हणतात समाजआरती.

एवढ्या मोठ्या गर्दीला ही शिस्त लागली कुठून? याचं उत्तर शोधत गेलं की जवळपास दोनशे वर्षं मागे जावं लागतं आणि आपण एका अशा माणसाजवळ पोचतो, जो कीर्तनकारांच्या घराण्यातला नव्हता की कुठल्या देवस्थानचा पुजारी नव्हता. तो होता फौजेतला माणूस. नाव हैबतराव पवार. वारकऱ्यांचे हैबतबाबा.

साताऱ्याचं आरफळ ते ग्वाल्हेर

हैबतराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळ गावचे. त्यामुळे पुढे आरफळकर हीच त्यांची ओळख झाली. घराणं पवारांचं, मराठा लढवय्यांचं.

त्या काळी साताऱ्याच्या खेड्यातला कर्तबगार तरुण नशीब काढायला उत्तरेकडे जायचा. मराठ्यांच्या फौजा दिल्लीपर्यंत धडकत होत्या. शिंदे, होळकर, गायकवाड, पवार या सरदारांनी आपापली बस्तानं बसवली होती. हैबतरावही ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे चाकरीला गेले आणि तिथे सरदारकीपर्यंत पोचले.

फौजेतली नोकरी म्हणजे नुसती तलवारबाजी नव्हे. हजारो माणसं, जनावरं, तंबू, दाणागोटा घेऊन मैलोन्मैल चालायचं. पुढच्या मुक्कामाची जागा आधी हेरायची. कोण पुढे, कोण मागे हे ठरवायचं. नगारा झाला की निघायचं. रोज संध्याकाळी उघड्या माळावर अख्खं गाव वसवायचं आणि सकाळी ते मोडून पुढे जायचं. हे काम ज्याला जमलं, त्याला माणसांचा समुद्र हलवता येतो. हैबतरावांनी हे आयुष्यातली कितीतरी वर्षं पाहिलं होतं. पुढे हेच कामी येणार होतं.

सातपुड्यातली गुहा

आयुष्याला वळण कसं मिळालं याची गोष्ट वारकरी संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

कमावलेली धनदौलत घेऊन हैबतराव गावाकडे निघाले होते. वाट सातपुड्याच्या डोंगरातून जात होती. तिथे भिल्लांच्या टोळीने त्यांना गाठलं, सगळं लुटलं आणि सोबतच्या लोकांसह एका गुहेत कोंडून तोंडावर भली मोठी शिळा लावली.

सुटकेची आशा नव्हती. हैबतरावांना हरिपाठ मुखोद्गत होता. ज्ञानेश्वर महाराजांचं स्मरण करत त्यांनी हरिपाठ म्हणायला सुरुवात केली आणि तो थांबवलाच नाही. 21 दिवस असेच गेले. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. त्या आनंदात त्याला गुहेतल्या माणसांची आठवण झाली. शिळा बाजूला केली तर आत हैबतरावांचा हरिपाठ सुरूच. नायक वरमला. त्याने सगळ्यांना सोडून दिलं आणि मानाने पुढे पाठवलं.

ही झाली परंपरेतली कथा. तिच्यातला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण त्यानंतर हैबतरावांनी काय केलं, ते मात्र आजही डोळ्यांना दिसतं. ते आरफळला संसार थाटायला गेले नाहीत. आपल्याला नवा जन्म माउलींनी दिला, तर तो त्यांच्याच पायाशी घालवायचा असं ठरवून ते आळंदीला आले आणि तिथलेच झाले.

आळंदीत त्यांचा दिनक्रम ठरलेला. रात्री शेजारती झाली की ज्ञानेश्वरांच्या समाधीपुढे उभं राहायचं आणि पहाटेच्या काकड्यापर्यंत अभंग म्हणत राहायचं. एकेकाळचा सरदार आता रात्रभर हातात वीणा घेऊन उभा असायचा.

वारी तर आधीही होती, मग हैबतबाबांनी नवं काय केलं?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

पंढरीची वारी हैबतबाबांनी सुरू केली नाही. ती ज्ञानेश्वरांच्याही आधीची. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत वारी करायचे असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली. त्यानंतर वारकरी त्यांच्या पादुका गळ्यात बांधून पंढरपूरला चालत जायचे. आपापल्या गावातून, आपापल्या सोबत्यांबरोबर.

याला पहिलं मोठं रूप दिलं तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी. 1685 मध्ये त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या पादुका त्याच पालखीत ठेवल्या आणि दोन्ही संतांची पालखी पंढरपूरला नेली. ज्ञानोबा-तुकाराम ही नावं एका दमात घ्यायची जी सवय महाराष्ट्राच्या जिभेला आहे, तिच्यामागे या एकत्र पालखीचा मोठा वाटा आहे.

जवळपास दीडशे वर्षं हा सोहळा असाच चालला. मग देहूकर मंडळींमध्ये सेवेच्या आणि मानाच्या हक्कांवरून वाद वाढले. सोहळाच अडचणीत येतो की काय अशी वेळ आली. हैबतबाबांनी त्या वादात बाजू घेण्याऐवजी वेगळा मार्ग काढला. तुकोबांची पालखी देहूहून निघावी, ज्ञानोबांची पालखी आळंदीहून स्वतंत्र निघावी. 1832 च्या सुमारास माउलींचा हा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू झाला.

काळही लक्षात घ्यायला हवा. 1818 मध्ये पेशवाई बुडाली होती. पुण्यात कंपनी सरकारचा अंमल होता. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर होते, पण इंग्रजांशी केलेल्या तहाच्या चौकटीत. आज पालखी नीरा ओलांडते तेव्हा पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा सुरू होतो. हैबतबाबांच्या वेळी नीरा ही साताऱ्याच्या राज्याची उत्तर हद्द होती. म्हणजे अलीकडे कंपनीचा मुलूख आणि पलीकडे छत्रपतींचा. त्यात हैबतबाबा मूळचे साताऱ्याचे. त्यांच्यासाठी नीरेपलीकडे पाऊल टाकणं म्हणजे घरच्या मातीत येणं होतं.

ज्या मराठी फौजांच्या जिवावर घराणी उभी राहिली, त्या फौजा आता मोडल्या होत्या. हत्यारं म्यानात गेली होती. अशा वेळी एका जुन्या सरदाराने हजारो माणसांचा तळ पुन्हा उभा केला. फरक एवढाच की या तळावर हत्यार नव्हतं, टाळ होते.

घोडे आले अंकलीहून

सोहळा उभा करायचा तर साधनं हवीत. हैबतबाबांनी मदत मागितली अंकलीच्या सरदार शितोळ्यांकडे. अंकली आज कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आहे. शितोळ्यांची ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी सोयरीक, त्यामुळे शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबांना हे घराणं परकं नव्हतं. शितोळ्यांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावून दिली. वासकरांसारखी जाणती फडकरी मंडळी दिंड्या घेऊन सोबत आली.

ही मदत एका वर्षापुरती राहिली नाही. आजही दरवर्षी दोन अश्व अंकलीहून चालत आळंदीला येतात. मुक्कामावर माउलींचा तंबू शितोळ्यांचाच असतो. मधे इंग्रज आले आणि गेले, संस्थानं विलीन झाली, भाषावार राज्यं झाली, अंकली कर्नाटकात गेलं. घोड्यांची वाट बदलली नाही.

या दोन घोड्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीच बसत नाही. तो माउलींचा अश्व. त्याच्यावर स्वतः माउली बसलेले असतात अशी भावना.

छावणीतून आलेली शिस्त

माउलींचा सोहळा नीट पाहिला की फौजेची चाल जागोजागी दिसते.

शब्दच बघा. मुक्कामाच्या जागेला तळ म्हणतात. पुढे नगारा असतो. निघण्याआधी कर्णा वाजतो, तोही तीनदा. पहिला कर्णा झाला की आवराआवर, दुसऱ्याला तयार होऊन आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. कोणी कोणाला हाका मारत बसत नाही.

दिंडी ही या सोहळ्यातली तुकडी. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मधे मृदंग आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या महिला. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. हा क्रम कोणी मोडत नाही. हैबतबाबांच्या काळी आजच्यासारखा चांदीचा रथ नव्हता, पण कोणी कुठे चालायचं याची आखणी तेव्हापासूनची.

काय गायचं हेही ठरलेलं. पहाटे काकडा, चालताना वाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे अभंग, सांजेला हरिपाठ. या भजनी मालिकेची घडी बसवण्याचं श्रेयही संप्रदाय हैबतबाबांना देतो. हे वरवर पाहता धार्मिक काम वाटतं, पण त्यातला व्यवहार बघा. वेगवेगळ्या गावांहून आलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच चालीत, एकाच वेळी, एकच अभंग म्हणत चालू लागली की त्यांची पावलंही जुळतात. फौजेत जे काम नगाऱ्याने होतं, ते इथे अभंगाने होतं.

पण एका बाबतीत हैबतबाबांची छावणी फौजेपेक्षा पूर्ण वेगळी आहे. फौजेत शिपाई सरदाराला मुजरा करतो, सरदार शिपायाला करत नाही. वारीत दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वयाने मोठा कोण, पैशाने मोठा कोण हे विचारलं जात नाही. आणि हाक मारायची ती प्रत्येकाला एकच, माउली.

लोणंदच्या पुढचं रिंगण

लोणंदला तिथीच्या हिशोबाने कधी एक, कधी दोन मुक्काम होतात. मग पालखी तरडगावकडे निघते. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण इथे होतं.

रिंगण म्हणजे काय, तर घोड्यांची दौड. उभ्या रिंगणात दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेतून अश्व धावतात. गोल रिंगणात दिंड्या वर्तुळ धरतात आणि अश्व फेऱ्या मारतात. स्वाराचा घोडा पुढे, माउलींचा अश्व मागे. माउलींच्या अश्वाने पुढच्याला गाठलं की एकच जल्लोष होतो. लोक धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावतात.

थकलेल्या माणसांसाठी हे औषध असतं. आळंदीहून निघून आठवडा उलटलेला, दिवे घाट चढून झालेला, पायाला फोड आलेले. त्यात रिंगण झालं की फुगड्या, हुतुतू, मनोरे सुरू होतात. सत्तरीतल्या आजीबाई फुगडी घालताना दिसतात.

पुढे फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट सरते. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. शेवटच्या टप्प्यात माउलींच्या पादुका शितोळे सरकारांच्या गळ्यात दिल्या जातात आणि पंढरपुरात प्रवेश होतो. पालख्या सुरू होण्याआधी पादुका गळ्यात घेऊन जायची जी रीत होती, ती या शेवटच्या वाटेवर जपली गेली आहे.

पण आषाढी एकादशीच का?

हे सगळं चालणं ज्या दिवसासाठी, तो दिवस म्हणजे आषाढ शुद्ध एकादशी. हिचं शास्त्रातलं नाव देवशयनी एकादशी. या दिवशी विष्णू क्षीरसागरात शेषावर निद्रा घेतात आणि चार महिन्यांनी कार्तिक शुद्ध एकादशीला जागे होतात अशी समजूत आहे. या चार महिन्यांना चातुर्मास म्हणतात. या काळात लग्नकार्यं टाळायची, एखादा नेम धरायचा, पोथी ऐकायची ही जुनी पद्धत.

त्यामागे शेतीचा आणि पावसाचा हिशोबही आहे. पेरण्या उरकून शेतकरी थोडा मोकळा झालेला असतो. पावसाळ्यात प्रवास अवघड, म्हणून चातुर्मासात साधू-संन्यासीसुद्धा एका ठिकाणी राहायचे. म्हणजे वारी ही मुसळधार पावसाआधीची शेवटची मोठी वाटचाल.

चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण बंद होतो. मग एकादशीच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला कांद्याला निरोप दिला जातो. हीच कांदेनवमी. कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरलेला कांदा असा बेत घरोघरी असतो. लोणंदसारख्या कांद्याच्या गावाला ही नवमी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एकादशीला उपवास. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळी हे पदार्थ सगळ्यांना माहीत आहेत. दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपवास सोडतात, त्याला पारणं म्हणतात. वारकऱ्यांसाठी एकादशी वर्षातून एकदा येत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की महिन्याच्या दोन्ही एकादश्या, मांस-मद्य वर्ज्य आणि पंढरीची वारी हा नेम आयुष्यभराचा.

पंढरपुरात या दिवशी चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा आणि विठ्ठलाचं दर्शन. गाभाऱ्यापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतात, म्हणून कित्येक जण कळसाला हात जोडून समाधानाने परत फिरतात. त्यांच्या लेखी वारी पुरी झालेली असते.

इथे एक गंमत आहे. नाव देवशयनी, म्हणजे देव झोपण्याचा दिवस. पण पंढरपुरात नेमकं उलटं होतं. यात्रेच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. एवढे लोक चालत आले असताना देवाने झोपायचं कसं? त्यामुळे यात्रेच्या काळात रात्रंदिवस दर्शन सुरू असतं. पुढे प्रक्षाळपूजा झाली की देवाला विश्रांती मिळते. शास्त्र सांगतं देव निजला, पंढरपूर सांगतं देव भक्तांसाठी ताटकळत उभा आहे.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. परतीची वारी तुलनेने झपाझप होते आणि तिच्याकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत. पण वारी पुरी होते ती पादुका आळंदीला परत पोचल्यावरच.

शिस्त लागली, पण भिंती लगेच पडल्या का?

नाही. हेही सांगायला हवं.

हैबतबाबांच्या काळात पंढरपूरच्या वाटेवर सगळे चालत होते, पण मंदिराच्या दारात सगळ्यांना प्रवेश नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या वारकऱ्यांना बाहेरच थांबावं लागायचं. शेकडो मैल चालून आलेल्या माणसाला कळसावरून परत फिरावं लागायचं, ते गर्दीमुळे नव्हे तर जातीमुळे. ही बंदी उठावी म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं.

वाटेवरही सगळं समान होतं असं नाही. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेल्या वाटचाल या लेखात दाखवून दिलं की अभंग एकत्र म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. एकमेकांच्या पाया पडणं आणि एका पंगतीला बसणं यात मोठं अंतर होतं, ते कापायला वारीच्या वाटेपेक्षा जास्त वेळ लागला.

हैबतबाबांनी जातिव्यवस्था मोडली असा दावा कोणी करत नाही. त्यांनी केलं ते एवढंच की गावोगावच्या, थराथरांतल्या माणसांना एका रांगेत, एका तालावर चालायची दरवर्षीची सवय लावली. ज्यांना पुढे बरोबरीबद्दल बोलायचं होतं, त्यांना माणसं एकत्र आलेली मिळाली.

पायरी झालेला सरदार

सोहळ्याची घडी बसवल्यावर हैबतबाबांना फार वर्षं मिळाली नाहीत. त्यांची समाधी आळंदीतच आहे आणि ती कुठे आहे हे महत्त्वाचं.

ज्याने लाखोंचा सोहळा उभा केला, त्याचं स्मारक घुमटाखाली, उंच चौथऱ्यावर असेल असं वाटेल. तसं नाही. ज्ञानेश्वर मंदिराच्या महाद्वारात, पहिल्या पायरीशी त्यांची समाधी आहे. हैबतबाबांची पायरी म्हणूनच ती ओळखली जाते. माउलींच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी ही त्यांची इच्छा होती असं वारकरी सांगतात.

पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी संत नामदेवांची पायरी आहे. इकडे आळंदीत हैबतबाबांची. एका अर्थाने माउलींची वारी एका पायरीपासून निघते आणि दुसऱ्या पायरीपाशी पोचते.

आज सोहळ्याचे मालक म्हणून मान आरफळकर घराण्याकडे आहे. मालक हा शब्द ऐकून गैरसमज होऊ शकतो. हा सोहळा पुढे चालू ठेवण्याची जबाबदारी असा त्याचा अर्थ. चोपदार, शितोळे, वासकर, आळंदीचं संस्थान, प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं आहे. हैबतबाबांची खरी हुशारी इथे दिसते. ज्या हक्कांच्या भांडणातून स्वतंत्र सोहळा काढायची वेळ आली, तो प्रसंग पुन्हा येऊ नये अशी त्यांनी व्यवस्था लावली. मान वाटले, कामं वाटली आणि तक्रार मांडायची जागाही ठेवली. एकाच माणसावर अवलंबून राहिलेला सोहळा त्याच्यामागे बंद पडला असता. हा पडला नाही.

2020 मध्ये कोरोनामुळे पायी वारी रद्द झाली. माउलींच्या पादुका एसटी बसमधून मोजक्या लोकांसह पंढरपूरला गेल्या. लोणंदचा तळ त्या वर्षी मोकळा राहिला. पुढच्या वर्षीही तेच. 2022 मध्ये पायी सोहळा पुन्हा निघाला, तेव्हा दोन वर्षांच्या खंडानंतरही कोणाला काही नव्याने शिकवावं लागलं नाही. कोणती दिंडी कुठे, कोणता अभंग कधी, कोणाचे टाळ का वाजतायत, सगळं माहीत होतं.

दरवर्षी कार्तिक वद्य अष्टमीला आळंदीत ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधी सोहळ्याला सुरुवात होते. त्या दिवशी पहिली पूजा होते ती हैबतबाबांच्या पायरीची. फुलं वाहिली जातात, आरती होते. मग दर्शनाची रांग पुढे सरकते आणि येणारा प्रत्येक जण त्याच पायरीवरून माउलींकडे जातो.